वाट चुकलेली शिवण

१

माणूस जिन्यावरून पडतो, यात नवल काही नाही. पण पडलेल्या बाईच्या रक्तातली साखर पार तळाला गेलेली असते, तिला मधुमेह कधीच नसतो, आणि तिच्याच घरातल्या फ्रिजमधून सासूचं इन्सुलिनचं पेन नाहीसं झालेलं असतं, तेव्हा मात्र दारात पोलीस येतात. तसे ते आले.

आल्या त्या फौजदारबाई. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. पुढे शाळेच्या गणवेशांचं दुकान, मागे राहत्या खोल्या आणि वर शिवणखोली, असं ते घर होतं. वर जाणारा जिना लाकडी आणि उभाच्या उभा. बाईंनी त्याच्याकडे जुन्या वैऱ्याकडे बघावं तसं बघितलं आणि आधी खालीच चौकशी करायचं ठरवलं.

घरात आता तिघंच उरली होती. दुकानात कापड बेतणारा थोरला मुलगा. त्याला सगळे मास्तर म्हणत. धाकट्या मुलाची बायको, धाकटी. तिचा नवरा बोटीवर नोकरीला. आणि आतल्या खोलीत म्हातारी आई, डोळ्यांनी अधू, साखरेच्या दुखण्याने पोखरलेली. चौथी होती मास्तरची बायको, थोरली. काल दुपारी ती वरून कोसळली, इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं आणि दिवेलागणीला हॉस्पिटलात तिने प्राण सोडला. तिच्या चपला अजून जिन्याखाली होत्या, जोडीने, नीट लावलेल्या. त्यांना काय ठाऊक!

"आईंना इंजेक्शन कोण देतं?" बाईंनी विचारलं.

"मीच," धाकटी म्हणाली. डोळे सुजलेले, पण मान ताठ. "त्यांना पेनवरचे आकडे दिसत नाहीत. काल जेवणाआधी दिलं आणि पेन फ्रिजच्या दारात ठेवलं. हॉस्पिटलातून येऊन बघते तर नाही. आज औषधाच्या दुकानातून नवीन आणलं."

"आणि काल सकाळी थोरलीशी भांडण झालं."

"समोरच्या चपलावाल्याने सांगितलं ना? त्याचे कान त्याने दुकानाबाहेरच टांगलेत, चपलांच्या शेजारी." मग तिचा आवाज पडला. "झालं भांडण. शाळेने पुन्हा शर्ट परत पाठवले होते. वाकड्या शिवणी. मी म्हणाले, 'ताई, पिऊन शिवतेस का तू? एक दिवस मीच तुला या मशीनवरून उठवणार आहे.' आणि बघा ना मॅडम, कशी उठली."

बाईंच्या खिशातला फोन वाजला. साहेब होते. "बाई, पेन हाताळणारी तीच, भांडणारी तीच. अजून काय पाहिजे? संध्याकाळपर्यंत धाकटीला घेऊन या."

दाराशी उभ्या धाकटीला ते शब्द ऐकू गेले होते. ती एवढंच म्हणाली, "मला नेलंत तर आईंना इंजेक्शन कोण देणार?"

२

अखेर जिना चढावाच लागला. अर्ध्यावर थांबून बाईंनी श्वास घेतला, देवाचं नाव घेतलं आणि जिन्याचंही घेतलं, ते मात्र मनातल्या मनात.

शिवणखोली लहान, उजेडाची. मशीनच्या सुईखाली एक पांढरा शर्ट तसाच अडकलेला. बाईंची आई शिवणकाम करायची. कापड वाचायला त्या पाटीच्या आधी शिकल्या होत्या. त्यांनी शर्टाची शिवण काखेपासून बोटाने धरली आणि तिच्यामागून निघाल्या. सुरुवातीला शिवण कशी, तर पट्टी ठेवून आखलेली. पुढे ती जराशी थरथरली. मग डावीकडे कलली, परत आली, पुन्हा भरकटली. आणि शेवटी कापड सोडून नुसत्याच हवेत टाके घालत गेली. दोऱ्याचा एक गुंता तेवढा लोंबत होता.

बाईंनी तो गुंता हातात घेतला. ज्याला कुणी जिन्यावरून ढकलतं, त्याची शिवण आधीपासून वाट चुकत नाही. थोरली जिन्यावर हरवली नव्हती. ती इथेच, या खुर्चीवर, हळूहळू हरवत गेली होती.

खुंटीवर तिचे स्वतःचे कपडे होते. बाईंनी एक झगा उलटा केला. कुशीची शिवण आत घेतलेली. तिच्याबाहेर जुन्या शिवणीच्या सुईची भोकं, त्याच्याबाहेर त्याहून जुन्या शिवणीची. ओळीबाहेर ओळ, समुद्र मागे हटत जावा तशी.

आणि खिडकीच्या पट्टीवर मुंग्या. मुंग्यांची शिवण मात्र कुठे चुकली नव्हती. सरळ येत होती ती एका चिकट गोल डागापाशी. कुणीतरी तिथे ग्लास टेकवला होता. बाईंनी बोट लावून जिभेला लावलं. गोड. नुसतं गोड नव्हे, कंठ दाटेल इतकं.

ग्लास मात्र कुठेच नव्हता.

त्यांनी धाकटीला वर बोलावलं. "शाळेने परत पाठवलेले शर्ट सगळेच बिघडलेले होते?"

"नाही ना! तेच तर कळत नव्हतं. सकाळचं काम असं, की देवाच्या अंगावर घालावं. दुपारचं बघाल तर आंधळ्याने शिवल्यासारखं. दुपारी तिला दरदरून घाम यायचा, बोलताना शब्द अडखळायचे. विचारलं तर म्हणायची, 'काही नाही गं, उकडतंय.' थंडीत!"

"रोज?"

"जवळजवळ. मध्ये आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तो आठवडा तेवढा चांगला गेला. एक शर्ट परत आला नाही. ताई म्हणाली, 'बघ, बरी झाले मी.'"

"आई तेव्हा हॉस्पिटलात होत्या?"

"हो."

"त्यांच्यासोबत कोण होतं?"

धाकटीने तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं होतं.

"मी," ती म्हणाली.

३

मास्तर दुकानात बेतायच्या टेबलापाशी बसला होता. हातात खडू, समोर कापड नाही. तो टेबलाच्या लाकडावरच रेघा मारत होता आणि हाताने पुसत होता.

"बायकोचं काही ऑपरेशन झालं होतं?" बाईंनी स्टूल ओढून घेतलं.

"पित्ताशयाचं. दोन वर्षांपूर्वी. खडे होते."

"पोटावर बारीक छेद? दुर्बिणीचं?"

"हो. कागद दाखवू?"

"कागद नको. तिचे कपडे बघितले मी." बाईंनी आवाज खाली आणला. "मास्तर, पित्ताशय काढून माणूस इतका उतरत नाही. मला ठाऊक आहे. कारण घरी सांगायला मीसुद्धा हेच ठरवून ठेवलंय."

मास्तरचा खडू थांबला. त्याने वर बघितलं. बाईंकडे, त्यांच्या अंगाकडे, पुन्हा त्यांच्या डोळ्यांकडे. बाईंनी पिशवीतून दवाखान्याचं एक कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा दवाखाना, त्यांच्या भेटीची तारीख.

"तोच दवाखाना," मास्तर पुटपुटला, आणि त्याचा बांध फुटला.

"लहानपणापासून चिडवली हो तिला. इथे आली तर गिऱ्हाइकं म्हणायची, टेलरची बायको आणि टेप पुरत नाही! ती सगळ्यांच्या आधी हसायची. रात्री रडायची. ऑपरेशन केलं तर लोक म्हणणार, जिभेला लगाम नाही म्हणून पोटाला टाके घातले. म्हणून लपवलं. मी म्हणालो, निदान आईला सांग. ती म्हणाली, 'आईंना कळलं तर त्यांना वाटेल, आपण मायेने वाढलं तेच चुकलं. माझ्या आईमागे मला घास भरवणारी तीच एक बाई आहे. तिचा हात मी खोटा पाडू?'"

"तपासणीला जायची?"

"पहिलं वर्षभर. मग बारीक झाली, खूश झाली, काम वाढलं, राहिलं. गोड पिऊ नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेवढं पाळायची. हे घामाचं, थरथरीचं मला माहीतच नव्हतं. मी खाली, ती वर."

बोलताना त्याची नजर पुन्हा पुन्हा टेबलाखाली जात होती. तिथे चिंध्यांचं पोतं होतं. बाई उठल्या, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि गार काहीतरी बाहेर काढलं. इन्सुलिनचं पेन.

मास्तरने खडू खाली ठेवला. "मीच लपवलं."

"धाकटीला वाचवायला?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग कुणाला?"

"आईला," तो म्हणाला.

४

"काल जेवणानंतर मी आईला जिना उतरताना बघितलं," मास्तर सांगत होता. "तिला वर जायला आम्ही बंदी केलीये, डोळ्यांना दिसत नाही, एखादी पायरी चुकली तर? मला बघून दचकली. शालीखाली काहीतरी लपवलेलं होतं. मी विचारलं नाही. आणि दुपार कलता कलता तो आवाज झाला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, घरात इन्सुलिन कोण घेतं? माझ्या डोळ्यांपुढे ती शाल आली. वाटलं, आईने काय केलं? चुकून केलं? घरी आलो आणि आधी पेन गडप केलं."

"आणि धाकटीवर आळ आला तेव्हा?"

"एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला भावाची बायको. कुठून कापू सांगा ना! आयुष्यभर कात्री चालवली, आज पहिल्यांदा हात चालेना."

"न कापताही कापड फाटतं, मास्तर," बाई म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनचं खरं काय ते सांगितलं.

"पित्ताशयाचं सांगितलं होतं आम्हाला," ते म्हणाले. "बाई, या शस्त्रक्रियेनंतर पोट लहान होतं आणि वाट आखूड होते. गोड काही प्यायलं की ते धाडकन आतड्यात उतरतं. साखर एकदम चढते, शरीर घाबरतं आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन सोडतं. तास-दोन तासांनी साखर पार खाली. घाम, थरथर, बोलणं अडखळणं. बघणाऱ्याला वाटावं प्यायलाय. शुद्धसुद्धा जाते. बहुतेकांना होत नाही, पण काहींना होतं, तेही वर्ष-दोन वर्षांनी, सगळं ठीक झालं असं वाटत असताना."

"म्हणजे चोराला पकडायला आलेली फौजच गाव लुटून जाते."

"अगदी तसंच."

"मला एक सांगा. टोचलेलं इन्सुलिन आणि शरीराने स्वतः बनवलेलं, यातला फरक कळतो?"

"कळतो. शरीर बनवतं तेव्हा त्यासोबत आणखी एक तुकडा रक्तात सुटतो. पेनातल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. तिचं कालचं रक्त आमच्याकडे आहे. आजच बघतो."

बाईंनी साहेबांना कळवलं की संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ, दुपार नव्हे. साहेब काहीतरी म्हणाले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऊन कलल्यावर डॉक्टरांचा फोन आला. तो तुकडा रक्तात भरपूर होता. इन्सुलिन तिच्या स्वतःच्या शरीराचं होतं. शवविच्छेदनातही पोटावरची शस्त्रक्रिया दिसली होती.

बाईंनी ते, ऑपरेशनापासून गोडाने उतरणाऱ्या साखरेपर्यंत सगळं, दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं. "पेन कुणी टोचलं नाही. धाकटीवर आळ नाही."

धाकटीने डोळे पुसले. मास्तर तिच्याकडे बघायला धजेना. मग त्याने बाईंकडे बघून, लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "म्हणजे आईसुद्धा सुटली ना?"

बाई आतल्या खोलीच्या दाराकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीतल्या मुंग्या चालल्या होत्या, सरळ, न चुकता.

५

आतल्या खोलीत म्हातारी खाटेवर बसली होती. शाल गुडघ्यांवर. शेजारी ताट, रुमालाने झाकलेलं.

"कोण? पोलीसबाई का? ये पोरी. पाऊल जड आहे तुझं. माझ्या थोरलीचं असंच होतं आधी. घरभर कळायचं, ती आली. मग हलकं झालं. कानांना सवय व्हायला वेळ लागला बघ."

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. गुन्हेगाराला कसं कोंडीत धरायचं ते त्यांना ठाऊक होतं. पण ज्याला आपण काही केलंय हेच ठाऊक नाही, त्याच्यापुढे प्रश्न कसा मांडावा?

"आई, काल तुम्ही वर गेला होतात?"

म्हातारीने दाराच्या दिशेने कान दिला. "सांगू नको त्यांना. ओरडतात. रोज जाते मी. बसत बसत, एकेक पायरी हाताने चाचपत. दुपारी ही दोघं कामात असतात ना, तेव्हा."

"कशाला?"

"तिला माझं दुखणं लागलं होतं." म्हातारी कुजबुजली. "कुणाला बोलली नाही ती, पण मी हात धरला की कळायचं. गार घाम, बोटांना कंप. मला साखर उतरली की अस्संच होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी साखरपाणी पाजलं. पाच मिनिटांत पोर टवटवीत! मग म्हटलं, थरथर सुरू झाल्यावर द्यायचं कशाला? आधीच दिलं तर होणारच नाही. जेवण झालं की ग्लास करायचा, काठोकाठ, साखर तळाला राहीपर्यंत. शालीखाली धरून न्यायचा. ती म्हणायची, 'आई, नको, मला गोड सोसत नाही.' मी म्हणायची, 'एवढा जिना चढून आले आणि तू नको म्हणतेस? रिकामा ग्लास बघितल्याशिवाय मी हलायची नाही!' मग हसायची आणि प्यायची. सगळा."

दारात मास्तर आणि धाकटी येऊन उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"काल पण दिला," म्हातारी म्हणाली. "काल तर तिने माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला."

बाईंनी घसा साफ केला. एक वाक्य तयार होतं: अपघात झाला, आई, पाय घसरला. ते खोटंही नव्हतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तेवढ्यात म्हातारीने आपला अधू चेहरा त्यांच्याकडे वळवला.

"पोटाचं ऑपरेशन म्हणे तिचं. आता बाहेर बोललीस ना तू, ते आलं कानावर. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. गोड प्यायलं की साखर उतरते, असं काही असतं का गं?"

तिने हात पुढे करून बाईंचं मनगट चाचपून धरलं.

"पोरी, मी विचारते आहे."

"असतं, आई," फौजदारबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं नाही, कारण तुमची माया तिला मोडवेना. मास्तरांनी सांगितलं नाही, कारण तिने शपथ घातली होती. ती आजारी पडते हे धाकटीला दिसत होतं, पण का ते कळत नव्हतं. एकाकडे सुई, एकाकडे दोरा, एकाकडे कापड. आणि कुणीच कुणाला हाक मारली नाही."

म्हातारी रडली नाही. शालीचा काठ बोटांत घेऊन ती चाचपत राहिली, जशी रोज पायरी चाचपायची.

"म्हणजे देवाने मला आंधळी केलं ते कमी पडलं," ती म्हणाली, "म्हणून मी जिना चढून गेले."

६

बाईंनी साहेबांना कळवलं: घातपात नाही. गुन्हा कुणावर नाही. आरोप मागे आणि धाकटी घरी. साहेबांनी विचारलं, "मग तिला मारलं कुणी?" बाई म्हणाल्या, "साहेब, त्याला कलम नाही." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी दुकानाच्या पायरीवरून आपल्या नवऱ्याला फोन लावला. "संध्याकाळी घरीच थांबा. माझ्या त्या दवाखान्याबद्दल बोलायचंय. नाही, पित्ताशयाचं नाही. आल्यावर सांगते. सासूबाईंनाही बसवा."

पिशवी घ्यायला त्या आत वळल्या आणि दारातच थांबल्या.

म्हातारीच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. हात थडथड उडत होते. धाकटीने ताटावरचा रुमाल काढला. सकाळपासून एका घासाला हात लागलेला नव्हता.

"आई! इंजेक्शन घेतलंत आणि जेवला नाहीत? मला म्हणालात जेवले!"

म्हातारीने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

धाकटी धावली. आतून चमच्याचा आवाज आला, घाईघाईने ढवळल्याचा. ती ग्लास घेऊन आली आणि म्हातारीच्या तोंडाला लावला. म्हातारीने मान फिरवली. साखरपाणी तिच्या हनुवटीवरून शालीवर ओघळलं.

"नको," ती दातांतून म्हणाली. "ते नको. मला नको ते."

मास्तर भिंतीला धरून उभा होता. बाई पुढे सरसावल्या. पण धाकटीने डाव्या हाताने त्यांना थांबवलं. ती खाटेसमोर जमिनीवर बसली. ज्या घरात आज तिच्यावर आळ आला, त्या घराच्या म्हातारीचे गार हात तिने आपल्या हातात घेतले आणि त्यांत ग्लास ठेवला. वरून आपली बोटं घट्ट मिटली.

"आई, तुमचं दुखणं वेगळं, ताईचं वेगळं होतं. तुम्हाला हेच औषध आहे." तिचा आवाज चिरकला, पण तिने तो सावरला. "ताई प्यायची ना? तिला सोसत नव्हतं तरी प्यायची. का? तुम्ही जिना चढून यायचात म्हणून. मग आता तुम्ही प्या."

म्हातारीचे ओठ थरथरले.

"मी इथेच बसलेय," धाकटी म्हणाली. "रिकामा ग्लास बघितल्याशिवाय मी हलायची नाही."

म्हातारीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने ओठ उघडले आणि एकेक घोट घेत, हुंदक्यांतून, ग्लास संपवला.